मेट्रो बूमिनचा 'हीरोज अँड व्हिलन्स': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अल्बम २ डिसेंबर २०२२ ला आला. तेव्हापासून मी तो भेटेल त्याला ऐकवत आलोय. मावसभाऊ, ऑफिसातली मंडळी, तबल्याच्या क्लासला माझ्याबरोबर बसणारी मुलं, कुणीच सुटलं नाही. ऐकून झाल्यावर जवळजवळ सगळे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं.

गाणी वेगवेगळ्या रॅपरची आहेत. मग अल्बम नक्की कोणाचा?

मेट्रो बूमिनचा. खरं नाव लीलंड टायलर वेन, जन्म १६ सप्टेंबर १९९३, गाव अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं सेंट लुइस. तो प्रोड्यूसर आहे. आपल्याकडे हा शब्द ऐकला की पैसे घालणारा निर्माता डोळ्यांसमोर येतो, पण हिप-हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे संगीत घडवणारा माणूस. चाल त्याची, ठेका त्याचा, कुठलं वाद्य कधी येणार आणि कधी गप्प बसणार हे ठरवणारा तोच.

एरवी प्रोड्यूसर रॅपरच्या अल्बममध्ये काम करतो आणि त्याचं नाव बारीक अक्षरात येतं. इथे उलटं आहे. यजमान प्रोड्यूसर आणि रॅपर पाहुणे.

मला याला सगळ्यात जवळची गोष्ट वाटते ती दिवाळी अंक. कथा एकाची, कविता दुसऱ्याची, व्यक्तिचित्र तिसऱ्याचं. संपादकाचं स्वतःचं लिखाण अंकात कदाचित पानभरच असतं. तरी चांगला अंक हातात घेतला की तो कोणाचा आहे हे लगेच कळतं. कुणाला लिहायला सांगायचं, कशावर सांगायचं, कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं आणि आलेल्यातलं काय परत पाठवायचं, हे सगळं संपादकाचं. 'हीरोज अँड व्हिलन्स' मेट्रोचा आहे तो या अर्थाने.

मेट्रो स्वतः रॅप करतो का? गातो का?

नाही.

मग त्याचा आवाज अल्बममध्ये कुठेच नाही?

तोंडाचा आवाज म्हणाल तर नाही, पण त्याची सही आहे. ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकारात बहुतेक प्रोड्यूसरांची एक छोटी बोललेली ओळ असते. तिला टॅग म्हणतात. गाणं सुरू होताना किंवा ठेका पडायच्या बरोबर आधी ती वाजते. मेट्रोचे दोन टॅग जगभर माहीत आहेत. एक रॅपर यंग थगच्या आवाजात आहे, दुसरा फ्यूचरच्या. फ्यूचरच्या ओळीचा अर्थ साधारण असा की यंग मेट्रोचा तुझ्यावर विश्वास नसेल, तर तुझी खैर नाही. २०१६ साली कान्ये वेस्टच्या एका गाण्यात हा टॅग ठेक्याच्या तोंडावर वाजला आणि रॅप न ऐकणाऱ्यांच्याही तोंडी बसला.

मला यातली कल्पना फार आवडते. माणूस स्वतः एक शब्द बोलत नाही, त्याची ओळख त्याचे मित्र करून देतात.

ट्रॅप म्हणजे नेमकं काय? नुसता 'टिक टिक टिक' आवाज का येत राहतो?

ट्रॅप हा शब्द अटलांटाचा. तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये ज्या घरांतून अमली पदार्थ विकले जायचे, त्यांना ट्रॅप हाउस म्हणत. एकदा आत गेलं की बाहेर पडणं कठीण, म्हणून सापळा. त्या आयुष्याबद्दल रॅप करणारे टी.आय., यंग जीझी, गुची मेन हे लोक २००० नंतरच्या दशकात पुढे आले. टी.आय.च्या २००३ सालच्या अल्बमच्या नावातच ट्रॅप होतं. डीजे टूम्प, शॉटी रेड, झेटोव्हन या प्रोड्यूसरांनी त्या गोष्टींना आवाज दिला आणि हळूहळू विषयाचं नाव संगीताचं नाव होऊन बसलं.

आता 'टिक टिक'बद्दल. ज्यांनी थोडासा तरी तबला केलाय त्यांना हे लवकर समजेल. ट्रॅपचा टेम्पो कागदावर साधारण १३० ते १५० असतो, पण मान डोलते ती निम्म्या गतीने. कारण टाळीचा आवाज चार मात्रांत एकदाच, तिसऱ्या मात्रेवर पडतो. खाली विलंबित चाललंय आणि वर हाय-हॅट, म्हणजे ती पातळ झांज, दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात वाजतेय. मध्येच ती तिगुनीत शिरते, एखाद्या जागी थेट आठपटीने तिरकिटासारखी सुटते आणि परत जागेवर येते. रॅपर या दोन लयींच्या मधल्या मोकळ्या जागेत बोलतो. कुणी खालच्या लयीला धरून आळसावल्यासारखा बोलतो, कुणी वरच्या तिगुनीला चिकटून.

आणि तळाला असतो एट-झिरो-एट. रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचं तालयंत्र काढलं. १९८३ साली ते बंद झालं. एकूण यंत्रं जेमतेम बारा हजारांच्या घरात. खऱ्या ड्रमसारखं ते वाजत नाही, अशी तेव्हा तक्रार होती. पण त्याच्या किक ड्रमचा सूर लांबवता येत असे. तो लांबलेला सूरच पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या हिप-हॉपचा बेस झाला. आज प्रोड्यूसर तो गाण्याच्या पट्टीत लावतो, त्यामुळे एकच आवाज ढोलाचंही काम करतो आणि सुराचंही. एका सुरावरून दुसऱ्यावर तो घसरत जातो तेव्हा मला दर वेळी डग्गा आठवतो. आघात करून मनगट पुढे दाबत नेलं की खालून वर चढत जाणारा जो घुमारा निघतो, अगदी तोच.

मला फोनवर ऐकताना यात काहीच दम वाटला नाही. मी काय चुकतोय?

तुम्ही काही चुकत नाही. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो खालचा आवाज निघूच शकत नाही. एट-झिरो-एटचा मूळ सूर बऱ्याचदा ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा स्पीकर त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. प्रोड्यूसरांना हे माहीत असतं, म्हणून ते त्या बेसला थोडं खरखरीत करतात. त्यामुळे त्याचे वरचे स्वर तरी छोट्या स्पीकरवर कळतात. पण ती जेवणाचा फोटो बघितल्यासारखी गोष्ट झाली.

माझंही तेच झालं होतं. पहिल्यांदा मी अल्बम लॅपटॉपवर ऐकला आणि बरा आहे म्हणून बाजूला ठेवला. मग आठवड्याभराने मावसभावाच्या गाडीतून पुण्याहून कोल्हापूरला निघालो. त्याच्या डिकीत वूफर आहे. खंबाटकीच्या घाटात शिरता शिरता 'सुपरहीरो' लागलं. आधी ती तुताऱ्यांसारखी ब्रास, मग ठेका पडला आणि मधला आरसा इतका थरथरायला लागला की मागच्या ट्रकचे दोन दिवे आरशात चार दिसायला लागले. मावसभावाने काही न बोलता काच वर केली आणि आवाज वाढवला. कोल्हापूरपर्यंत आम्ही तो अल्बम तीनदा ऐकला.

गाडी नसेल तर कान पूर्ण झाकणारे साधे हेडफोन पुरतात.

बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, तर कॉम्प्युटरवर बनते. त्यात एवढी कला कसली?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा आणि सर्वात जास्त अविश्वासाने विचारला गेलाय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मेट्रो एफएल स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या आईने लहानपणी त्याला लॅपटॉप घेऊन दिला आणि त्यावर तो शिकला. सॉफ्टवेअर कुणीही घेऊ शकतो, तसा हार्मोनियमही कुणीही घेऊ शकतो. मेट्रोची खरी कारागिरी मला तीन ठिकाणी दिसते.

पहिली म्हणजे रिकामी जागा. त्याच्या ठेक्यात फार कमी गोष्टी असतात. एक उदास, थोडी भीतीदायक चाल, बहुतेक वेळा मायनर स्वरांत. तिच्याखाली बेस, वर झांज. बस. नवखा माणूस भीतीपोटी दहा थर चढवतो. मेट्रो एक थर काढून टाकतो आणि त्या जागी माणसाचा आवाज ठेवतो.

दुसरी, तो एकट्याने सगळं करायचा हट्ट धरत नाही. साउथसाइड, अ‍ॅलन रिटर यांच्यासारखे इतर प्रोड्यूसर त्याच्याबरोबर बसतात. कुणी चाल आणतो, कुणी तंतुवाद्यं, कुणी नुसता ड्रमचा एखादा आवाज. आपल्या चित्रपटसंगीतात संगीतकाराबरोबर संयोजक असायचा, अंतऱ्यांमधले म्युझिक पीसेस तो लिहायचा, पण श्रेय देताना त्याचं नाव बऱ्याचदा राहून जायचं. इथे निदान श्रेयनामावलीत सगळ्यांची नावं येतात. मला हे महत्त्वाचं वाटतं.

तिसरी, आणि माझ्या मते या अल्बमचा जीव तिच्यात आहे: जोडकाम. पहिलं गाणं 'ऑन टाइम' ऐका. त्यात जॉन लेजंड गातो, देवळातल्या समूहगानासारखं गंभीर. मग 'द बॉईज' या मालिकेतल्या होमलँडरचा तो चिडलेला संवाद येतो, आता मी कुणाची माफी मागणार नाही, अशा सुरातला. तो सुपरहीरोचा वेष घातलेला क्रूर माणूस आहे. आणि त्याचा आवाज विरायच्या आत 'सुपरहीरो' सुरू होतं. नायक आणि खलनायक ही अल्बमची सगळी कल्पना या काही सेकंदांच्या सांध्यात मांडून झालेली असते, अजून एकाही पाहुण्याने रॅप केलेलं नसताना. हे कोणी केलं? फ्यूचरने नाही, जॉन लेजंडनेही नाही. ज्याचा आवाज ऐकूच येत नाही, त्याने केलं.

अल्बममधली बहुतेक गाणी अशी एकमेकांत उतरतात. म्हणून कळकळीची विनंती, पहिल्यांदा ऐकताना शफल बंद ठेवा.

पाहुणे कोण कोण आहेत?

यादी मोठी आहे. फ्यूचर, ट्रॅव्हिस स्कॉट, ट्वेंटीवन सॅव्हेज, डॉन टॉलिव्हर, द वीकेंड, यंग थग, ख्रिस ब्राउन, यंग न्यूडी, एसॅप रॉकी, टेकऑफ, गन्ना, मुस्तफा आणि वर सांगितलेला जॉन लेजंड.

नावं वाचून उपयोग नाही, जोड्या बघा. 'टू मेनी नाइट्स'मध्ये डॉन टॉलिव्हरचा तरंगणारा, रेशमासारखा आवाज आहे आणि त्याच्यामागून फ्यूचर घोगऱ्या आवाजात येतो. 'अंब्रेला'त ट्वेंटीवन सॅव्हेज आणि यंग न्यूडी एकत्र आहेत. ते नात्याने चुलतभाऊ आहेत आणि एकमेकांच्या बोलण्यात जशी ती दोघं सहज शिरतात, तसं भाड्याने आणलेल्या पाहुण्यांना जमत नाही. 'नायगारा फॉल्स'मध्ये ट्रॅव्हिस स्कॉट भोवताली धुकं करतो आणि ट्वेंटीवन त्यातून सरळ, एका सुरात, चेहरा न हलवता बोलत चालत येतो. प्रत्येक वेळी एक आवाज पसरणारा आणि एक टोकदार. ही निवड योगायोगाने होत नाही.

टेकऑफ तर गेला ना? मग तो यात कसा?

हो. मिगोस या त्रिकुटातला टेकऑफ १ नोव्हेंबर २०२२ ला ह्यूस्टनमध्ये गोळीबारात गेला. वय २८. अल्बम महिन्याभराने आला. 'फील द फायर'मध्ये, ज्याचं नाव मुद्दाम लांबवून लिहिलंय, एसॅप रॉकीबरोबर तो आहे. मिगोसचं 'बॅड अँड बूजी' हे २०१७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं मेट्रोचंच होतं, म्हणजे ओळख जुनी.

यंग थग आणि गन्ना यांची गोष्ट वेगळी. अल्बम आला त्या दिवशी दोघंही तुरुंगात होते. मे २०२२ मध्ये जॉर्जिया राज्याने त्यांच्यावर संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली खटला भरला होता. आपल्याकडच्या मकोकाची आठवण व्हावी असा तो कायदा आहे. सरकारी पक्षाने यंग थगच्या गाण्यांच्या ओळीही पुरावा म्हणून पुढे ठेवल्या आणि त्यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. गन्ना १४ डिसेंबर २०२२ ला सुटला, थग थेट ३१ ऑक्टोबर २०२४ ला. 'ट्रान्स' आणि 'मेट्रो स्पायडर' ही थगची गाणी ऐकताना हे लक्षात ठेवा. तो आवाज तेव्हा बाहेर होता, माणूस नव्हता.

अल्बमच्या मागे आईची गोष्ट आहे असं ऐकलं. ती काय?

लेस्ली वेन. मेट्रो शाळेत असताना इंटरनेटवरून अटलांटातल्या रॅपरना बीट पाठवायचा. त्यांनी बोलावलं की आई त्याला गाडीत घालून सेंट लुइसहून अटलांटाला न्यायची. एका बाजूला आठ तासांहून जास्त, अंतर जवळपास ९०० किलोमीटर. मुंबईहून नागपूर गाठण्यापेक्षाही जास्त, आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पोरगं अल्पवयीन, ज्या लोकांना भेटायला जातोय ते रॅपर. किती आया हे करतील? २०१२ साली तो अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात दाखल झाला, एक सत्र शिकला आणि पूर्णवेळ संगीताकडे वळला. २०१३ साली फ्यूचरचं 'कराटे चॉप' गाजलं.

जून २०२२ मध्ये लेस्ली वेन यांचा मृत्यू झाला. त्यांचा खून झाला होता. अल्बम त्याच डिसेंबरात आला.

माझी आई मला तबल्याच्या परीक्षेसाठी एसटीने सांगलीहून मिरजेला घेऊन जायची. बायाँ तिच्या मांडीवर असायचा आणि दायाँ माझ्या. दहा किलोमीटरचा प्रवास तो. त्यामुळे असेल, पण मला हा अल्बम ऐकताना तो रस्ता आणि ती गाडी चालवणारी बाई दिसतेच.

मध्ये मध्ये जो भारदस्त आवाज बोलतो, तो कोणाचा?

मॉर्गन फ्रीमन. ऑस्कर मिळालेला ज्येष्ठ अभिनेता. २०२० साली मेट्रो आणि ट्वेंटीवन सॅव्हेजच्या 'सॅव्हेज मोड टू'मध्येही तोच निवेदक होता. आपल्या नाटकातला सूत्रधार जे करतो ते तो करतो. इतके वेगळे पाहुणे असलेल्या अल्बमला असा एक आवाज हवाच. अल्बमच्या आधी आलेल्या लघुपटातही फ्रीमन आहे.

'क्रीपिन' आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.

कारण ते खरंच ऐकलेलं आहे, आणि त्याची वंशावळ ऐकण्यासारखी आहे.

१९८७ साली आयर्लंडच्या एन्याने 'बोडिसिया' नावाची एक रचना केली. शब्द नाहीत, नुसती गुणगुण, थरावर थर चढवलेली. १९९६ साली न्यू जर्सीच्या फ्यूजीज या गटाने ती गुणगुण 'रेडी ऑर नॉट'खाली ठेवली. २००४ साली मारिओ विनन्सने तीच घेऊन 'आय डोन्ट वॉना नो' केलं. प्रेयसी फसवतेय हे कळलंय, पण मला सांगू नकोस, असं विनवणारं गाणं. २०२२ साली मेट्रोने ते गाणं द वीकेंडकडून पुन्हा गाऊन घेतलं, मध्ये ट्वेंटीवन सॅव्हेजचा रॅप ठेवला आणि 'क्रीपिन' झालं.

एक गुणगुण, पस्तीस वर्षं, चार मुक्काम. घराण्यातली बंदिश एका पिढीकडून दुसरीकडे जाताना जशी थोडी वळते तशी ती वळत आली आहे. मेट्रोने मूळ गाण्याशी फार झटापट केली नाही, हे मला पहिल्यांदा आळसाचं वाटलं होतं. आता वाटत नाही. त्याने चालीला हात न लावता खालचा बेस जड केला. त्यामुळे तेच रडगाणं आता रात्री गाडीत एकट्याने ऐकायचं गाणं झालं. हॉट हंड्रेड या अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

अल्बम आधी नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला यायचा होता. असे जुने तुकडे वापरण्याच्या परवानग्या पूर्ण व्हायच्या होत्या, म्हणून तो महिनाभर लांबला.

अशा अल्बममध्ये पैसा आणि हक्क कोणाचे?

थोडक्यात, गाण्याचे दोन हक्क असतात, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकन रॅपमध्ये रचनेचा अर्धा वाटा बीट करणाऱ्यांचा आणि अर्धा शब्द लिहिणाऱ्यांचा, असा रिवाज आहे, पण करारात तो बदलतो. जुनं गाणं वापरलं असेल तर त्याचे मालक आधी आपला हिस्सा घेतात. पाहुण्या रॅपरच्या कंपनीचीही परवानगी लागते. पाहुणा कधी एकरकमी मानधन घेतो, कधी टक्केवारी, आणि मित्र असतील तर आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. हा अल्बम मेट्रोच्या स्वतःच्या बूमिनाटी वर्ल्डवाइड आणि रिपब्लिक रेकॉर्ड्स या कंपन्यांकडून आला. स्वतःची कंपनी असणं ही ट्रॅप प्रोड्यूसरसाठी मोठी गोष्ट आहे.

किती चालला?

पहिल्याच आठवड्यात बिलबोर्ड टू हंड्रेड या अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत पहिला क्रमांक, १,८५,००० युनिट. युनिट म्हणजे फक्त विकलेल्या प्रती नव्हेत. तेव्हाच्या नियमानुसार पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १,२५० स्ट्रीम किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम मिळून एक अल्बम धरत. त्याचा २०१८ चा अल्बमही पहिला आला होता, पण ९९,००० युनिटवर. २०२४ च्या ग्रॅमीत 'हीरोज अँड व्हिलन्स'ला सर्वोत्तम रॅप अल्बमचं नामांकन होतं. पुरस्कार रॅपर किलर माइकला मिळाला. तोही अटलांटाचाच.

यात शिव्या आणि हिंसा खूप आहे. घरात लावायचा का?

लहान मुलं असतील तर नका लावू. बंदुका, नशा, बायकांबद्दल अत्यंत वाईट बोलणं, सगळं आहे. मी त्याचं समर्थन करत नाही आणि काही ओळी मी आजही पुढे ढकलतो.

पण एक गाणं मात्र पूर्ण ऐका: 'वॉक एम डाउन'. नावातच पुढे जोडलंय, सामान्य माणसांना मारू नका. पहिल्या भागात ट्वेंटीवन सॅव्हेज थंडपणे सूडाबद्दल बोलतो. मग ठेका सुटतो. सगळा बेस निघून जातो आणि टोरांटोचा कवी-गायक मुस्तफा येतो. त्याच्या वस्तीतले मित्र असेच गोळ्यांना बळी पडले, त्यांच्यावर त्याने २०२१ साली अख्खा अल्बम केलाय. तो अगदी हळू गातो, मयताच्या घरात बोलावं तसं. आधीच्या दोन मिनिटांत ज्या गोळ्या सुटल्या, त्या कुणाच्या घरी जाऊन पोचल्या ते आता कळतं. मेट्रोने यावर भाषण दिलेलं नाही. त्याने फक्त मुस्तफाला ट्वेंटीवनच्या शेजारी बसवलं. अल्बममधली ही माझ्या मते सर्वोत्तम जागा आहे. हे गाणं मी ज्यांना ऐकवलं, त्यांतले दोन जण संपल्यावर काही वेळ बोलले नव्हते.

प्रोड्यूसरने स्वतःच्या नावावर पाहुण्यांचा अल्बम काढणं ही मेट्रोची कल्पना आहे का?

नाही. प्रोड्यूसर क्विन्सी जोन्सने १९८९ साली जॅझच्या दिग्गजांना आणि रॅपरना एका रेकॉर्डवर बसवलं होतं. ट्रॅपमध्येही माइक विल मेड-इटने २०१७ साली आणि झेटोव्हनने २०१८ साली असे अल्बम काढले. त्यातले बरेच ऐकताना गाणी सुटी सुटी वाटतात, फेसबुकवरच्या ओळखीची माणसं लग्नात एका पंगतीला बसल्यासारखी. मेट्रोचा वेगळा ठरतो तो त्या सांध्यांमुळे.

याचा मराठी श्रोत्याशी काही संबंध?

ओढूनताणून लावायचा नाही, पण एक खरा धागा आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'चा गाण्यांचा अल्बम मेट्रोने केला, पुन्हा पाहुण्यांना घेऊन. त्या चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं मुंबट्टन नावाचं शहर आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन. भारतात तो दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. म्हणजे अनेक मराठी पोरांनी मेट्रोचं नाव न कळता मेट्रो ऐकलेला आहे. शिवाय अल्बमभर भेटणारा ट्रॅव्हिस स्कॉट १९ नोव्हेंबर २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला.

मेट्रोचं आणखी काय ऐकू?

मागे जायचं असेल तर ट्वेंटीवन सॅव्हेजबरोबरचं २०१६ चं 'सॅव्हेज मोड'. ते छोटं आहे, काळोखं आहे आणि त्यात रिकामी जागा भरपूर आहे. मग 'नॉट ऑल हीरोज वेअर केप्स', २०१८. पुढे जायचं असेल तर फ्यूचरबरोबरचं 'वी डोन्ट ट्रस्ट यू', मार्च २०२४. त्यातल्या 'लाइक दॅट'मध्ये रॅपर केंड्रिक लामारने जे बोलून टाकलं, त्यातून रॅपर ड्रेकबरोबरचं गाजलेलं भांडण पेटलं.

मी रॅप कधीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

पहिल्या गाण्यापासून, रात्री, दिवे मालवून. शब्द पकडायचा प्रयत्न पहिल्या वेळी करू नका, अटलांटाची बोली तिथल्याच लोकांना पटकन कळते. नुसती टाळी कुठे पडते ते मोजा. तिसऱ्या मात्रेवर. ती सापडली की झांज तिच्याभोवती कशी पळते ते ऐका, मग बेस कधी येतो आणि कधी गायब होतो. क्लासमधल्या एका मुलीने पहिल्यांदा ऐकताना मांडीवर ठेका धरला होता. 'ट्रान्स'च्या मध्यावर तिने हात थांबवला आणि विचारलं, "दादा, हा माणूस समेवर बेस वाजवतच नाहीये, मला का ऐकू येतोय?" तिथपर्यंत पोचलात की मला पुढचा प्रश्न विचारा.